काउंटी शासन व करोना महासाथ

काउंटी शासन व करोना महासाथ : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील काउंटी या स्थानिक शासनघटकांनी २०२० ते २०२३ या काळात कोविड–१९ या साथीच्या रोगाला तोंड देण्यासाठी योजलेले उपाय, त्यांना आलेले अनुभव व त्यांतून पुढे आलेले प्रशासकीय प्रश्न यांचा परामर्श प्रस्तुत नोंदीत घेतला आहे. काउंटी हा राज्याच्या लगतचा खालचा प्रशासकीय विभाग होय. भौगोलिक दृष्ट्या तो भारतातील जिल्ह्याशी मिळताजुळता असला, तरी त्याची घडण वेगळी आहे. भारतात जिल्हाधिकारी हा शासननियुक्त अधिकारी असून साथीच्या काळात राज्य शासनाने दिलेले अधिकार तो जिल्ह्यात वापरतो. काउंटीचा कारभार मात्र सामान्यतः स्थानिक मतदारांनी निवडलेले मंडळ पाहते. तेथील शेरीफ हा पोलीस अधिकारीही बहुधा निवडून आलेला असतो. अशा विभागांची संख्या ३,१०० हून अधिक आहे. लुइझियाना राज्यात त्यांना पॅरिश व अलास्कात बरो म्हणतात. कनेक्टिकट व ऱ्होड आयलंड या राज्यांत काउंटी शासन अस्तित्वात नाही. आकारमानातील तफावत फार मोठी आहे. २०२० च्या जनगणनेनुसार लॉस अँजेल्स काउंटीची लोकसंख्या एक कोटीहून अधिक, तर टेक्सस राज्यातील लव्हिंग काउंटीची केवळ ६४ होती. एकाच रोगाशी या दोन्ही टोकांच्या घटकांना सामना करावा लागला.

अधिकार व जबाबदाऱ्या : अमेरिकेच्या संविधानानुसार सार्वजनिक आरोग्याचे रक्षण हा मुख्यतः राज्यांच्या अधिकारकक्षेतील विषय आहे. मॅसॅचूसेट्स राज्यातील केंब्रिज शहराच्या आरोग्य मंडळाने देवीची लस सक्तीची केली, तेव्हा जेकबसन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९०५ साली ती सक्ती वैध ठरविली. तेव्हापासून साथ आटोक्यात आणण्यासाठी व्यक्तिस्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, हे तत्त्व प्रस्थापित झाले. तथापि काउंटीला स्वयंभू अधिकार नाहीत. राज्य देते तेवढेच तिचे अधिकार असतात आणि दिलेले अधिकार राज्य काढूनही घेऊ शकते. कॅलिफोर्नियात काउंटीचा आरोग्य अधिकारी स्वतःच्या सहीने आदेश काढू शकतो, मॅसॅचूसेट्समध्ये आरोग्याचे काम नगरांच्या मंडळांकडे आहे, तर न्यूयॉर्क शहरातील पाच काउंट्यांचे आरोग्य प्रशासन शहर शासनच पाहते.

काउंटी आरोग्य खात्यांचा उगमही साथींतूनच झाला. वॉशिंग्टन राज्यातील याकिमा काउंटीत विषमज्वराने थैमान घातल्यावर १९११ साली तेथे पूर्णवेळ आरोग्य खाते स्थापन झाले; देशातील अशा आरंभीच्या खात्यांपैकी ते एक होय. पुढील काळात रोग्यांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध, लसीकरण, पाणी व अन्न यांची तपासणी ही कामे या खात्यांकडे आली. याशिवाय अनेक काउंट्यांकडे सार्वजनिक रुग्णालये, तुरुंग, मतदानाची व्यवस्था व अनैसर्गिक मृत्यूंची चौकशी करणारी कार्यालये आहेत. त्यामुळे महासाथीचा स्पर्श झाला नाही, असे काउंटीचे एकही खाते उरले नाही. मात्र या जबाबदारीच्या मानाने साधने तोकडी होती. २००८ मधील मंदीनंतर राज्य व स्थानिक आरोग्य खात्यांतील किमान ३८,००० पदे नाहीशी झाली होती आणि मंदी ओसरल्यावरही ती पूर्णपणे भरली गेली नव्हती.

प्रारंभीचा काळ : देशातील पहिला निश्चित रुग्ण जानेवारी २०२० मध्ये वॉशिंग्टन राज्यातील स्नोहोमिश काउंटीत आढळला. तो चीनमधील वूहान येथून परतला होता. फेब्रुवारीअखेर शेजारच्या किंग काउंटीतील एका शुश्रूषागृहात रोग पसरल्याचे उघडकीस आले. १८ मार्चपर्यंत या गृहाशी संबंधित १६७ रुग्णांची नोंद झाली. त्यांत तेथे राहणाऱ्या वृद्ध व दुर्बल व्यक्ती १०१, कर्मचारी ५० व भेटीस आलेले लोक १६ होते. निवासी रुग्णांपैकी ३४ दगावले. काही कर्मचारी एकाहून अधिक ठिकाणी काम करीत आणि आजारी असतानाही कामावर येत. संरक्षक साधनेही अपुरी होती. अशा गृहांतील वृद्धांची या रोगात काय अवस्था होते, हे या घटनेने देशाला प्रथम दाखविले. त्यानंतर ठिकठिकाणी भेटींवर बंदी आली आणि असंख्य कुटुंबांना आपल्या माणसांचा निरोप खिडकीच्या काचेआडून घ्यावा लागला.

त्याच राज्यातील स्कॅजिट काउंटीत १० मार्च रोजी एका गायकवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. उपस्थित ६१ जणांपैकी एकाला सर्दीखोकल्याची लक्षणे होती. पुढे ५३ जण निश्चित वा संभाव्य रुग्ण ठरले व दोघांचा मृत्यू झाला. काउंटीच्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी प्रत्येकाची विचारपूस करून कोण कोठे बसले होते याची नोंद केली. बंदिस्त जागेत गाण्याबोलण्यातून बाहेर पडणारे सूक्ष्म तुषार रोग कसा पसरवितात, हे समजण्यास या अभ्यासाची मोलाची मदत झाली. एका छोट्या काउंटीच्या आरोग्य खात्याने केलेली ही चौकशी पुढे जगभर उद्धृत केली गेली.

कॅलिफोर्नियातील सांता क्लारा काउंटीने वेगळ्या अंगाने प्रकाश टाकला. फेब्रुवारीत चाचण्यांची उपलब्धता अतिशय मर्यादित होती व चीनचा प्रवास केलेल्यांनाच प्रायः चाचणीस पात्र मानले जाई. संघीय रोगनियंत्रण केंद्राने पाठविलेल्या आरंभीच्या चाचणीसंचांतही दोष निघाला. परिणामी परदेशप्रवास न केलेल्या व्यक्तींतील संसर्ग दृष्टीआड राहिला. काउंटीच्या वैद्यकीय परीक्षकाने राखून ठेवलेल्या ऊतींची तपासणी झाल्यावर, ६ फेब्रुवारी रोजी घरी मृत्यू पावलेली एक व्यक्ती कोविडची बळी होती, असे २१ एप्रिल रोजी जाहीर झाले. तोवर देशातील पहिला मृत्यू २९ फेब्रुवारीच्या सुमारास वॉशिंग्टन राज्यात झाल्याचे मानले जात होते. रोग समाजात पसरू लागल्यानंतर कित्येक आठवडे तो मोजलाच गेला नव्हता, हे यावरून स्पष्ट झाले.

घरी राहण्याचे आदेश : सांता क्लारा, सॅन फ्रॅन्सिस्को, सॅन मातेओ, मरीन, काँट्रा कॉस्टा व अ‍ॅलमिडा या सहा काउंट्या आणि बर्कली शहर यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी १६ मार्च २०२० रोजी एकत्रितपणे घरी राहण्याचे आदेश जारी केले. सांता क्लाराच्या आरोग्य अधिकारी सारा कोडी यांचा यात पुढाकार होता. अत्यावश्यक कामाखेरीज घराबाहेर पडू नये, असे सु. ६७ लाख लोकांना सांगणारा हा देशातील अशा प्रकारचा पहिला आदेश होय. कॅलिफोर्निया राज्याने तसाच आदेश तीन दिवसांनी, १९ मार्च रोजी काढला. लगतच्या काउंट्यांनी एकाच दिवशी एकाच शब्दांत आदेश काढल्यामुळे सीमेपलीकडील दुकाने वा उपाहारगृहे गाठण्याची पळवाट बंद झाली. पुढील काळात मात्र अशी एकवाक्यता क्वचितच दिसली. ऑगस्ट २०२० मध्ये कॅलिफोर्नियाने काउंट्यांची जांभळा, लाल, नारिंगी व पिवळा अशा चार रंगांत प्रतवारी केली. ती १५ जून २०२१ पर्यंत अमलात होती. रस्त्याच्या एका बाजूचे उपाहारगृह बंद व काउंटीची हद्द ओलांडताच दुसरे खुले, अशी स्थिती त्यामुळे उद्‌भवू शके.

विषम आघात : रोगाचा भार सर्व काउंट्यांवर सारखा पडला नाही. जॉर्जिया राज्यातील डॉहर्टी काउंटी ही सु. ८६,००० वस्तीची, बहुसंख्य कृष्णवर्णीय व मोठ्या प्रमाणावर दारिद्र्य असलेली काउंटी आहे. ऑल्बनी हे तिचे मुख्य ठिकाण. फेब्रुवारीअखेर तेथे झालेल्या एका अंत्यविधीस दूरदूरचे नातेवाईक व परिचित जमले होते. मिठी मारून सांत्वन करणे, एकत्र प्रार्थना व भोजन करणे या आपुलकीच्या रिवाजांतूनच संसर्ग पसरला. अल्पावधीतच दरडोई रुग्णांच्या प्रमाणात ही काउंटी देशातील अत्यंत गंभीर ठिकाणांपैकी एक ठरली.

मांसप्रक्रिया कारखाने असलेल्या काउंट्यांत कामगार एकमेकांना खेटून काम करीत असल्याने साथ झपाट्याने वाढली. साउथ डकोटातील मिनहाहा काउंटीत, सू फॉल्स येथील एका कारखान्यात १६ मार्च ते २५ एप्रिल २०२० या काळात ९२९ कर्मचारी बाधित झाले. हे प्रमाण एकूण कर्मचाऱ्यांच्या सु. एक चतुर्थांश होते. त्यांच्या संपर्कातील २१० जणांनाही लागण झाली. शहराच्या महापौरांनी मिनहाहा व लिंकन या दोन काउंट्यांपुरता घरी राहण्याचा आदेश काढावा, अशी विनंती गव्हर्नरांना केली. ती मान्य झाली नाही. २८ एप्रिल रोजी राष्ट्राध्यक्षांनी मांसप्रक्रिया उद्योग चालू ठेवण्याविषयीचा आदेश काढला. कारखाना काउंटीत, कामगार काउंटीचे, रुग्णही काउंटीतील रुग्णालयात; पण कारखान्याविषयीचा निर्णय काउंटीच्या हाती नव्हता. याकिमा काउंटीत हेच चित्र फळबागा व फळे भरण्याच्या शेडमधून दिसले. मे २०२० मध्ये तेथील कामगारांनी सुरक्षित व्यवस्थेसाठी संप केले. विषमज्वराच्या साथीनंतर शतकाहून अधिक काळाने तीच काउंटी रुग्णांच्या प्रमाणात पश्चिम किनाऱ्यावरील राज्यांत अग्रस्थानी आली होती.

न्यू मेक्सिकोतील मकिन्ली काउंटीत मूळ अमेरिकन जमातींची बहुसंख्या आहे. नॅव्हाहो जमातीचा स्वायत्त प्रदेश ॲरिझोना, न्यू मेक्सिको व यूटा या तीन राज्यांतील अनेक काउंट्यांत पसरला असून तेथील सु. एक तृतीयांश घरांत नळाचे पाणी नव्हते. वारंवार हात धुण्याचा सल्ला अशा घरांत पाळणे दुष्कर होते. किराणा व पाणी यांसाठी लोकांना गॅलप या शहरात यावे लागे. गव्हर्नरांनी १ मे २०२० रोजी दंगलनियंत्रण कायद्याचा आधार घेऊन या शहरात येणारे रस्ते बंद केले. नॅव्हाहो शासनाने स्वतंत्रपणे आठवडाअखेरची ५७ तासांची संचारबंदी पुकारली. जमात, शहर, काउंटी, राज्य व संघराज्य अशा पाच शासनसंस्थांच्या सीमा येथे एकमेकींत गुंतल्या होत्या.

तुरुंगांचा प्रश्नही काउंट्यांच्याच पदरी आला. शिकागो येथील कुक काउंटीचा तुरुंग एप्रिल २०२० च्या आरंभी देशातील मोठ्या संसर्गकेंद्रांपैकी एक बनला. तेथील बहुतेक कैद्यांचा गुन्हा अद्याप शाबीत झालेला नव्हता. काहींची सुटका करून, उरलेल्यांना स्वतंत्र कोठड्यांत हलवून व चाचण्या वाढवून ही लाट ओसरविण्यात आली.

राज्य व काउंटी यांतील संघर्ष : पहिल्या काही आठवड्यांनंतर साथीविरुद्धच्या लढ्याइतकाच अधिकाराचा वादही महत्त्वाचा ठरला. टेक्ससमधील हॅरिस काउंटीच्या प्रमुख लीना हिडाल्गो यांनी एप्रिल २०२० मध्ये मुखपट्टी सक्तीची करून दंडाची तरतूद केली. गव्हर्नर ग्रेग ॲबट यांच्या २७ एप्रिलच्या आदेशाने असा दंड करण्याचा अधिकार स्थानिक शासनांकडून काढून घेतला. रुग्ण वाढू लागल्यावर २ जुलै रोजी त्याच गव्हर्नरांनी २० वा अधिक रुग्ण असलेल्या काउंट्यांत मुखपट्टी आवश्यक केली. विस्कॉन्सिनमध्ये राज्य सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०२० रोजी चार विरुद्ध तीन मतांनी राज्याचा घरी राहण्याचा आदेश रद्द ठरविला. त्याच दिवशी डेन काउंटीने स्वतःचा आदेश काढला. अन्य काही काउंट्यांनी आदेश काढून थोड्याच दिवसांत मागे घेतले, तर बहुसंख्य काउंट्यांत कोणताही आदेश उरला नाही. ज्या स्नोहोमिश काउंटीत पहिला रुग्ण आढळला, तिच्याच शेरीफने एप्रिल २०२० मध्ये राज्याचा आदेश आपण अमलात आणणार नाही असे जाहीर केले.

कॅन्ससमधील घटनाक्रम अभ्यासकांना विशेष उपयुक्त ठरला. गव्हर्नरांचा मुखपट्टीचा आदेश ३ जुलै २०२० पासून लागू झाला. पण नव्या राज्य कायद्यामुळे काउंट्यांना तो नाकारण्याची मुभा होती. ऑगस्टच्या मध्यापर्यंत १०५ पैकी ८१ काउंट्यांनी तो नाकारला व २४ काउंट्यांत मुखपट्टी बंधनकारक राहिली. संघीय रोगनियंत्रण केंद्राच्या नोव्हेंबर २०२० मधील अहवालानुसार, जुलैच्या आरंभापासून ऑगस्टअखेरपर्यंत सक्ती असलेल्या काउंट्यांत नव्या रुग्णांचे प्रमाण ६ टक्क्यांनी घटले, तर सक्ती नसलेल्या काउंट्यांत ते दुप्पट झाले. सक्ती असलेल्या काही काउंट्यांत गर्दीवरील निर्बंधही होते; त्यामुळे या फरकाचे सर्व श्रेय मुखपट्टीला देता येत नाही. तरीही शेजारच्या काउंट्यांनी घेतलेल्या भिन्न निर्णयांचे परिणाम भिन्न झाले, हे या आकड्यांतून दिसले.

न्यायालयांनी काउंट्यांच्या अधिकारांनाही मर्यादा घातल्या. सांता क्लारा काउंटीने बंदिस्त जागेतील सामुदायिक उपासनेवर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २६ फेब्रुवारी २०२१ रोजी स्थगित केली. १९०५ च्या निर्णयातील तत्त्व कायम असले, तरी धर्मस्वातंत्र्याशी संबंध येताच ते पूर्वीइतके व्यापकपणे लावले जाणार नाही, असा याचा अर्थ होता.

आरोग्य अधिकाऱ्यांवरील दडपण : काउंटीचा आरोग्य अधिकारी हा पूर्वी लोकांना क्वचितच माहीत असलेला तज्ज्ञ होता. आता त्याच्या सहीने दुकाने बंद होऊ लागली. उत्पन्न बुडालेल्या व्यापाऱ्यांचा व शाळा बंद झाल्याने हवालदिल पालकांचा क्षोभ समजण्याजोगा होता; पण त्याला लवकरच धमक्यांचे रूप आले. कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीच्या आरोग्य अधिकारी निकोल क्विक यांनी मुखपट्टीच्या आदेशावरून उठलेल्या वादानंतर जून २०२० मध्ये राजीनामा दिला. सारा कोडी यांनाही धमक्या आल्याने संरक्षण द्यावे लागले. देशभर अनेक अधिकारी निवृत्त झाले, पद सोडून गेले वा पदच्युत झाले. २०२१ पासून निम्म्याहून अधिक राज्यांनी आरोग्याधिकाऱ्यांचे अधिकार आकुंचित करणारे कायदे केले. कॅन्ससच्या २०२१ च्या कायद्याने निर्बंधामुळे बाधित झालेल्या व्यक्तीस न्यायालयात दाद मागण्याचा व तेथे ७२ तासांच्या आत सुनावणी होण्याचा हक्क दिला.

लॉस अँजेल्स काउंटीतील हिवाळी लाट : २०२०–२१ च्या हिवाळ्यातील लाट अनेक काउंट्यांना पहिल्या लाटेहून घातक ठरली. लॉस अँजेल्स काउंटीतील मृतांचा आकडा डिसेंबर २०२० अखेर १०,००० च्या वर गेला. दाट वस्तीची घरे व घराबाहेरच करावी लागणारी कामे यांमुळे लॅटिन अमेरिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांवर मोठा आघात झाला. जानेवारी २०२१ च्या आरंभी काउंटीच्या आपत्कालीन वैद्यकीय सेवेने रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांना प्राणवायू जपून वापरण्याच्या सूचना दिल्या. तसेच हृदयक्रिया बंद पडलेल्या व जागेवरील प्रयत्नांनी ती पुन्हा सुरू न झालेल्या प्रौढांना रुग्णालयात आणू नये, असेही कळविले. त्याच महिन्यात प्रादेशिक वायुप्रदूषण नियंत्रण यंत्रणेने दहनविधींच्या संख्येवरील मर्यादा तात्पुरती उठविली. कारण मृतदेहांची साठवण अशक्यप्राय झाली होती.

अर्थसाहाय्य व इतर सेवा : विक्रीकरादी उत्पन्न घटत असतानाच काउंट्यांचा खर्च वाढला. मार्च २०२० च्या संघीय कायद्याने राज्ये व स्थानिक शासने यांच्यासाठी १५,००० कोटी डॉलरचा निधी ठेवला. परंतु पाच लाखांहून अधिक लोकसंख्येच्या स्थानिक शासनांनाच तो थेट मिळू शकत होता. लहान काउंट्यांना आपल्या राज्यावर विसंबावे लागले. मार्च २०२१ च्या कायद्याने ही उणीव दूर करून सर्व काउंट्यांसाठी ६,५१० कोटी डॉलर दिले. या निधीतून आरोग्यसेवा, घरभाड्याचे साहाय्य व पाणीपुरवठा यांसारखी कामे झाली. कॅलिफोर्नियात एप्रिल २०२० पासून राज्याच्या साहाय्याने काउंट्यांनी बेघर व्यक्तींसाठी रिकाम्या हॉटेलांच्या खोल्या घेतल्या. नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीतही काउंट्यांना नवे मार्ग शोधावे लागले. हॅरिस काउंटीत सु. १,२७,००० मतदारांनी मोटारीत बसूनच मतदान केले.

लसीकरण : १४ डिसेंबर २०२० रोजी लसीकरण सुरू झाले. संघराज्याने राज्यांना व राज्यांनी रुग्णालये, औषधदुकाने व काउंट्या यांना लस पुरविली. काउंट्यांनी जत्रेची मैदाने, वाहनतळ व शाळा येथे केंद्रे उघडली. प्रथम पुरवठा अपुरा होता. २०२१ च्या उन्हाळ्यापर्यंत लस मुबलक झाली व घेणारे कमी पडू लागले. १० एप्रिल २०२१ पर्यंत किमान एक मात्रा घेतलेल्या प्रौढांचे प्रमाण नागरी काउंट्यांत ४५·७ टक्के, तर ग्रामीण काउंट्यांत ३८·९ टक्के होते. रुग्णालयापासूनचे अंतर हे याचे एक कारण होते. शासनाविषयीचा अविश्वास हे दुसरे. फेब्रुवारी २०२२ पासून संघीय केंद्राने प्रत्येक काउंटीची पातळी स्वतंत्रपणे ठरवून त्यानुसार मुखपट्टीचा सल्ला देण्यास आरंभ केला. संघीय आरोग्य आणीबाणी ११ मे २०२३ रोजी संपुष्टात आली. तोपर्यंत देशात ११ लाखांहून अधिक मृत्यू नोंदले गेले होते.

मूल्यमापन : काउंटी ही रोगाच्या सर्वांत निकटची शासनसंस्था होती. रुग्ण प्रथम तिलाच दिसला, मृत्यूची नोंद तिच्याच कचेरीत झाली आणि लोकांचा रोषही तिच्याच सभागृहात प्रकट झाला. स्कॅजिटमधील चौकशी किंवा सॅन फ्रॅन्सिस्को उपसागराभोवतीच्या काउंट्यांचे संयुक्त आदेश यांवरून, स्थानिक परिस्थितीची जाण व त्वरित कृती यांचे सामर्थ्य दिसून येते. याउलट मिनहाहा व मकिन्ली येथील अनुभव सांगतो, की कारखाना, महामार्ग किंवा पाण्याची टंचाई यांवर ज्या शासनाची सत्ता चालत नाही, त्याला साथीवरही सत्ता चालविता येत नाही. विषाणू काउंटीची सीमा जाणत नव्हता. कायदा मात्र ती काटेकोरपणे पाळत होता.

स्थानिक स्वायत्ततेचे समर्थक व मध्यवर्ती नियंत्रणाचे पुरस्कर्ते या दोघांनाही या अनुभवातून आपापले पुरावे सापडतात. तथापि काउंटीचा आदेश प्रभावी ठरण्यासाठी राज्याचा पाठिंबा, पुरेसे प्रशिक्षित कर्मचारी व नागरिकांची संमती या तिन्ही गोष्टी लागतात, एवढे त्यातून निःसंशय सिद्ध होते. यांपैकी कर्मचारी पैशाने काही काळात उभे करता येतात. उरलेल्या दोन गोष्टी साथ येण्यापूर्वीच जमविलेल्या असाव्या लागतात. महासाथीनंतर अनेक राज्यांत काउंट्यांचे आरोग्यविषयक अधिकार पूर्वीपेक्षा कमी झाले आणि अनुभवी अधिकारी सेवेबाहेर गेले. पुढील साथीला या काउंट्या पहिल्यापेक्षा अधिक ज्ञानाने, पण कित्येक ठिकाणी कमी अधिकाराने सामोऱ्या जातील.